बिननावाची डबी

कुणाची क्रीमची डबी हातात आली की पार्लरवाल्या ताई आधी ती उलटी करायच्या. बुडाशी नाव, तारीख, बनवणाऱ्याचा पत्ता यांतलं काहीच नाही असं दिसलं की मग झाकण उघडून वास घ्यायच्या. त्यासरशी त्यांचा सगळा चेहरा नाकाशी गोळा व्हायचा.

"शी! हे तोंडाला लावून राह्यलीस? भांड्यालाबी लावू नको, माय."

घनसावंगीच्या स्टँडसमोर चपलांच्या दुकानावर त्यांचं पार्लर होतं. बाजूने लोखंडी जिना. मी कॉलेज सुटल्यावर आमच्या गावाची जीप भरेपर्यंत वर जाऊन बसायची. जीप भरायला कधी अर्धा तास, कधी दीड. खाली उन्हात उभं राहण्यापेक्षा वर बरं; त्यांच्या बाकावर पंखा होता आणि त्यांचं बोलणं होतं. सगळे त्यांना पार्लरवाल्या ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणायची.

सौंदर्याचा धंदा करणारी इतकी किळस करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. तुम्हीही पाहिली नसेल. गिऱ्हाइकाने आपला पंचा घरून आणायचा, हा त्यांचा पहिला नियम. भुवया कोरायचा दोरा प्रत्येकीला नवा. ब्रश रोज शाम्पूने धुऊन खिडकीत वाळत घातलेले. एकदा एक नवरी चार बहिणींना घेऊन आली आणि म्हणाली, सगळ्यांना एकाच पेन्सिलीने काजळ घाला, तेवढंच जल्दी होईल.

"एकीच्या डोळ्यातली घाण दुसरीच्या डोळ्यात नेऊन घालू का?" ताई म्हणाल्या. "उद्या मांडवात पाचीजणी लाल डोळ्यांनी बसा मंग, रडल्यासारख्या."

नवरीची आई रागाने उठली. चौघी बहिणी मात्र खाली जाऊन चार पेन्सिली घेऊन आल्या.

पुटकुळी फोडणाऱ्या मुलीच्या हातावर त्या चापट मारायच्या. "त्याच नखानं डोकं खाजवती, त्याच नखानं जीपचा दांडा धरती, आन तेच नख गालात घुसवती. छ्या!" लग्नाहून आल्यावर मेकअप तसाच ठेवून झोपणाऱ्या बायकांचं नाव काढलं तरी त्यांच्या अंगावर काटा यायचा. आधी कापसाने पुसायचं, मग साध्या साबणाने धुवायचं, आणि पुसताना घासायचं नाही, टिपायचं. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट असलं काही चेहऱ्याला लावलं असं कुणी सांगितलं की त्या विचारायच्या, "तोंड हाय का मोरी?"

मी हसायची. बाकावर बसून, स्कार्फ न सोडता हसायची. कारण माझ्या दप्तरात तसलीच एक डबी होती.

ती आईने आणली होती, बाजारातल्या एका पालावरून. पांढरी, बिननावाची. माझी आई जन्मभर कारखान्याच्या उसात, उन्हात राबली. सासरी तिला नावाने कुणी हाक मारली नाही, काळी म्हणूनच मारली. पोरीच्या वाट्याला ते येऊ नये एवढाच तिचा हेतू होता. पहिले काही आठवडे चेहरा खरंच उजळला. आई आरसा माझ्यासमोर धरायची आणि स्वतःच खूश व्हायची. त्याच दिवसांत माझा फोटो एका स्थळाकडे गेला.

मग उन्हात गेलं की गाल पेटायला लागले. बारीक लाल रेषा दिसू लागल्या. कानशिलाजवळ लव वाढली, हनुवटीवर पुरळ उठलं. एक रात्र डबी चुकली तर सकाळी तोंड सुजायचं, म्हणून मी पुन्हा लावायची. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकत होते आणि आपण काय लावतोय हे मला माहीत नव्हतं. त्याची शरम मला आजही वाटते.

एका दुपारी ताईंनी विचारलं, "पंख्याखालीबी स्कार्फ? सर्दी झाली का काय?"

"हो."

"दोन महिने सर्दी?" त्यांनी स्वतः येऊन गाठ सोडली. मला वाटलं, आता तो गोळा झालेला चेहरा आणि ते 'शी'. पण त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड खिडकीच्या उजेडात वळवलं आणि एवढंच विचारलं, "कुठंय डबी?"

मी काढून दिली. त्यांनी ती उलटी केली, उघडली, वास घेतला. शिवी दिली ती डबीला.

"नायट्याच्या औषधात असतंय तसलं काहीतरी कालवत्यात यात. पोरी, हे एकदम सोडलंस तरी तोंड फुटणार. जालन्याला कातडीच्या डॉक्टरकडं जा. ते सांगतील तसं सोडायचं. आपल्या मनानं बिलकुल न्हाई. ही डबी राहू दे माझ्याकडं, दाखवायला दुसरी हाय का घरी?"

घरी दुसरी होतीच. डॉक्टरांनी ती पाहून ताईंचंच म्हणणं सांगितलं. लिहून दिलेल्या मलमाशिवाय चेहऱ्याला काही लावायचं नाही, ऊन टाळायचं, महिने लागतील. घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं; ताई डबी उलटी करून वास कसा घेतात आणि 'शी! भांड्यालाबी लावू नको, माय' कसं म्हणतात तेही करून दाखवलं.

आणि त्या स्थळाचे पाहुणे मला बघायला बारा दिवसांनी यायचे होते.

त्या दिवशी माझं तोंड भाजल्यासारखं दिसत होतं. आईने ताईंना निरोप धाडून बोलावलं होतं. त्या जीपने आल्या, हातात एक छोटी पिशवी.

"एवढं झाकून टाका ताई," आई म्हणाली. "दोन तासांचा तर सवाल हाय."

"न्हाई झाकणार. कच्च्या कातडीवर थर थापला तर उद्या पिकंल."

"मंग एवढ्या लांब आल्तात कशाला?"

"केस विंचरायला."

त्यांनी माझी वेणी घातली, नव्या पेन्सिलीने काजळ घातलं आणि माझ्यामागे सतरंजीवर बसून राहिल्या.

पाहुण्यांनी जय भीम घातला, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला हात जोडले, आणि तिच्याच खाली बसून माझा रंग पाहायला लागले. त्या अर्ध्या तासाची मला आजही किळस येते. मुलाच्या मामीने मला खिडकीशी उभं राहायला सांगितलं. मग मागे फिर, मग पुन्हा तोंड इकडे. माझ्या शिक्षणाबद्दल एकानेही विचारलं नाही. पोह्याचा घास तोंडात असतानाच मामी आईला म्हणाली, "फोटोत तर चांगली उजळ व्हती. पोरीला काही रोगबीग तर न्हाई ना?"

मागून ताईंचा आवाज आला.

"रोग न्हाई, बाई. तुम्हाला उजळ पोरगी पायजे म्हणून लावलेलं मलम हाय हे." त्यांनी पिशवीतून माझी डबी काढली, उघडली आणि मामीच्या पोह्याच्या ताटलीशेजारी ठेवली. "घ्या, वास घ्या."

मामीने ताटली मागे ओढली. मग ती त्या डबीकडे बघतच राहिली. तिचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला. पावडरीच्या खाली तिथेही लाल रेषा होत्या, त्या मला तेव्हा दिसल्या.

"ही तर आमच्या तिकडंबी भेटती," ती हळूच म्हणाली आणि पदर पुढे ओढून घेतला.

ताई लगेच तिच्याजवळ सरकल्या. आवाज एकदम मऊ. "एकदम सोडू नका, बाई. डॉक्टरला दाखवा आधी."

पाहुणे कळवतो म्हणून गेले. कळवलं नाही. आई ताईंना म्हणाली, "माझ्या पोरीचं वाटोळं केलंत तुम्ही. पुन्हा उंबऱ्याला पाय लावू नका." ताईंनी अंगणातल्या नळावर कंगवा धुतला, पुसला, पिशवीत टाकला आणि जीप पकडायला निघून गेल्या. आईने त्यानंतर त्यांचं नाव घेतलं नाही. मीही त्या दिवशी त्यांच्या बाजूने एक शब्द बोलले नाही.

चेहरा ताळ्यावर यायला वर्ष गेलं. पदवी मिळाली. आमच्या घरातली ती पहिली. त्या दिवशी आईला न सांगता मी जिना चढले आणि म्हटलं, "ताई, आज लावा काहीतरी. फोटो काढायचाय."

त्यांनी मला खिडकीत बसवलं. "रंग मनगटावर पाहायचा न्हाई. जबड्यापाशी पाहायचा, आन दिवसाच्या उजेडात. जो लावल्यावर दिसंना, तो आपला." तीन रंगांची तीन बोटं त्यांनी जबड्याशी ओढली. मधलं दिसेनासं झालं. "हा बघ, बराबर. हा तुझा." मी पैसे काढले तर त्यांनी माझा हात ढकलला.

मी आता अंबडजवळ एका शाळेत विज्ञान शिकवते. नोकरी लागल्यावर पेढे घेऊन गेले, तर जिन्याला कुलूप होतं. चपलावाला म्हणाला, लेकीकडे गेल्या, नाशकाला का कुठे. फोन लागला नाही. पार्लरच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मला त्यांचे आभार मानायचे होते, आणि त्या दिवशी गप्प बसले त्याबद्दलही बोलायचं होतं. दोन्ही राहिलं.

मागच्या महिन्यात आईबरोबर बाजारात गेले होते. एका पालावर बांगड्या होत्या, आणि कडेला त्याच पांढऱ्या डब्यांची उतरंड. समोर एक मुलगी, स्कार्फमधून फक्त डोळे दिसणारी, डबी हातात घेऊन उभी. मी काही बोलायच्या आत आईने तिच्या हातातून ती डबी घेतली. आईला वाचता येत नाही. तरी तिने डबी उलटी केली, बुडावरून बोट फिरवलं. मग झाकण उघडून वास घेतला, आणि तिचा सगळा चेहरा नाकाशी गोळा झाला.

"शी!" आई म्हणाली. "भांड्यालाबी लावू नको, माय."