तळ्याच्या आग्नेय कोपऱ्यातली माती

मयत : नागसेन धोंडिबा सोनकांबळे, निवृत्त अधिव्याख्याता, राहणार नांदेड, मूळ गाव जळकोट. मृत्यू : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, झोपेत. लिहिणार : वैजनाथ मठपती, अर्जनवीस, लातूर. साक्षीदार : मयताची धाकटी बहीण शकुंतलाबाई, जिने ही बातमी मला फोनवर कळविली. तक्रार कोणाविरुद्ध आहे, हे ओघाने येईल.

लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा कचेरीच्या फाटकाशी टंकयंत्र मांडून बसणारा पहिला इसम मी. वय विशीतले, शिक्षण आठवी. परंतु माझ्या हातचा अर्ज भाषेसाठी परत आल्याचे उदाहरण नव्हते. पुढे लागोपाठ पाऊस हुकला, आणि अशाच एका उन्हाळ्यात नागसेनराव माझ्यासमोर येऊन बसले. विद्यापीठात डॉक्टरेटसाठी संशोधन करीत होते. कशाचे, असे विचारता त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत वाळलेला गाळ. यात जीव आहेत, म्हणाले. मी चष्मा पुसून पाहिले. मला मातीच दिसली.

त्यांनी समजाविले ते असे. जळकोटच्या तळ्यात पावसाळ्यात नखाएवढी कोळंबी होते. तळे आटले की ती मरते, अंडी मात्र कोरड्या गाळात वर्षानुवर्षे राहतात. पाणी आले तरी ती सगळी फुटत नाहीत. काही मागे थांबतात. “पहिल्याच पाण्याला सगळी उठली अन् पुन्हा कोरडं पडलं, तर वंशच बुडला की, स्वामी,” ते म्हणाले. मी जंगम, म्हणजे लिंगायतांच्या पुरोहितांपैकी; आमच्याकडे जंगमाला स्वामी म्हणण्याची रीत आहे. “थांबायचं कुणी, उठायचं कुणी, हे ठरतंय कसं?” हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. घराच्या पायरीतून उगवणाऱ्या गवताकडेही मी संशयाने पाहू लागलो... हे यंदाच का उगवले, गेल्या साली का नाही?

त्यांची अडचण वेगळी होती. दुष्काळी कामावर त्या तळ्यातील गाळ काढण्यास सुरुवात झाली होती, आणि आग्नेय कोपऱ्यात खुंट्या ठोकून त्यांनी थरवार नमुने घेण्याची जागा राखलेली होती. काम थांबविण्याचा अर्ज करू, असे मी सुचविताच ते ताठ झाले.

“काम न्हाई थांबवायचं. माझी माय हाय त्या कामावर. तेवढा कोपरा शेवटी खणा म्हणावं, बस्स.”

ते सांगत गेले, मी टंकित केले. ‘उत्क्रांती’ हा शब्द मी तोवर ऐकलेला नव्हता. शिकलेल्या माणसाचीही जीभ घसरते, असे समजून मी तो दुरुस्त केला : ‘सदर अर्जदार तळ्यात क्रांतीचा अभ्यास करीत आहे.’ त्यांनी कागद वाचावयास मागितला. मठपतीचा अर्ज वाचावा लागत नाही, असे मी सांगितले. त्यांनी विश्वासाने सही केली.

अर्ज चौकशीसाठी पोलिसांकडे गेला. एक हवालदार सायकलीवर तळ्यावर पोचला आणि क्रांती कुठे ठेवली आहे, असे विचारू लागला. नागसेनरावांनी त्याला भिजविलेल्या गाळातून उठून ताटलीत पोहणारी कोळंबी दाखविली. तो बराच वेळ उकिडवा बसून पाहत राहिला. ही उताणी का पोहते, एवढेच त्याने विचारले, आणि आक्षेपार्ह काही नाही असा अहवाल दिला. तो अहवाल कचेरीत पोचेपर्यंत कोपरा खणून झाला होता.

नोंदींची साखळी तुटली, यावर प्रबंध उभा राहणार नाही, असे मार्गदर्शकांनी कळविले. नागसेनराव नांदेडला शिकवू लागले. नावामागे डॉक्टर कधीच लागले नाही. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी चूक कबूल केली. त्यांना ती हवालदार आला त्या दिवसापासून ठाऊक होती. “तुम्ही दीडच अक्षर खाल्लं, स्वामी,” चहा गाळता गाळता ते म्हणाले, “दुष्काळानं अख्खं तळं खाल्लं.” ते हसले. मला हसू आले नाही.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मयताच्या स्मरणविधीच्या दिवशी शकुंतलाबाईंनी माझ्यापुढे पत्र्याचा एक डबा ठेवला. आत लुगड्याच्या फडक्यात बांधलेली माती. “कोपरा खणताना मायनं ओटीत घालून आणली व्हती,” त्या म्हणाल्या. “दादा म्हणला, थर कुठला ते कळंना, प्रबंधाला चालत न्हाई. पर टाकली बी न्हाई त्यानं.”

त्यांच्या परवानगीने अर्धी माती मी घरी आणून परातीत भिजविली. तिसऱ्या दिवशी पाणी आतून हलताना दिसले. मोजू गेलो, मोजता आले नाही... माझ्याच डोळ्यांचे पाणी मध्ये येत होते. उरलेली अर्धी माती डब्यात कोरडी आहे.

तक्रार माझ्याविरुद्ध आहे आणि ती मला मान्य आहे. या विषयाच्या जाणकारांस विनंती एवढीच : थरांची नोंद नसलेल्या या मातीला नागसेन सोनकांबळे यांच्या नावाने अभ्यासात जागा मिळू शकेल काय, आणि इतकी वर्षे थांबलेले हे जीव आताच का उठले, याचे लेखी उत्तर द्यावे. परातीतील पाणी रोज थोडे आटत आहे. उत्तर त्याआधी यावे.