मागं राहिलेली पात

त्या दिवशी भुईमुगाच्या रानात पारूआक्का, शेवंता, हौसा, मी आणि बाभळीला बांधलेल्या झोळीत माझी चार महिन्यांची सुमन, एवढ्याच होतो. खुरपायला बसलं की जिचा तिचा एक पट्टा असतो, त्याला आम्ही पात म्हणतो. मी टोळीत नवी. पात मागं राहिली तर उद्या बोलावणार न्हाईत, ह्या भ्यानं मी पोरीला भाकरीच्या सुट्टीतच पाजायचं ठरवलेलं. ती रडून रडून दमली, तरी मी मान वर केली न्हाई.

शेवटी पारूआक्काच वरडली, "अगं, त्या लेकराला काय घड्याळ कळतं व्हय? जा, पाज आधी!"

"आक्का, पात मागं राहील."

"राहूदे की! गवत काय पळून जातंय?"

हौसा म्हणाली, "पळालं तर बरंच की, खुरपायला नको!"

पाजून आले तर माझी पात सगळ्यांच्या बरोबरीला आलेली. शेजारच्या दोघींनी दोन्हीकडनं खुरपत पुढं ओढली होती. कुणी बोलून दाखवलं न्हाई.

आज नातसून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत पोराच्या तोंडात घास कोंबत होती, तवा हे आठवलं. पुढं माझे मालक वारले, एकटीनं दुष्काळ काढला. पण सकाळचं सारवण दुपारी झालं म्हणून मी जीवाला घोर लावला न्हाई. दळण राहिलं तर त्या दिवशी कण्या शिजवल्या. त्या बायांचं उपकार हायत माझ्यावर.

हे वाचताना तुमचं लेकरू रडलं, तर कागद तिथंच ठेवा आणि आधी त्याला घ्या.