एजंटाचा गोठा

परभणीत, परदेशी एमबीबीएसला मुलं पाठवणाऱ्या एका एजंटाच्या एसी ऑफिसात तो माझ्या शेजारी बसला होता. बोरीकडचा शेतकरी, सोबत डॉक्टर व्हायला निघालेली लेक. मी माझ्या चिरंजीवांसाठी आलो होतो. नीटमध्ये आपटायचा त्यांनी सपाटाच लावला होता. चकचकीत माहितीपत्रकाकडे या गड्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. एजंटानं सहा वर्षांच्या फीचा आकडा सांगताच यानं खांद्यावरचा रुमाल त्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली, बैलबाजारात भाव करताना धरतात तशी.

एजंट दचकला. "काका, इथं फिक्स रेट असतो."

"बरं. तुमचं लेकरू कुठल्या देशात शिकायलंय?"

"ते... इथंच, परभणीत. ॲग्रीला."

त्यानं रुमाल झटकून खांद्यावर टाकला. "बैल घेताना आमी इकणाऱ्याचा गोठा बघतो. त्यानं सोताला कोणता ठिवलाय ते कळतंय. चल माय."

दोघं निघून गेली.

मी एम.ए., बी.एड. माणूस. तासाभरात मी एजंटाला एकच प्रश्न विचारला होता, तिथल्या मेसमध्ये वरण-भात मिळतो का? तो 'मिळतो' म्हणाला आणि मी चेक देऊन मोकळा झालो होतो.