भाऊजींच्या मागे लपणारं गाढव

माझे धाकटे दीर घोड्यांच्या पैदास केंद्रात मोतद्दार आहेत. चारा, पाणी, खरारा, खुरं, लीद, सगळं त्यांच्याकडे. एकोणीस वर्षांत आपणहून एक रजा काढली नाही. जाऊबाई म्हणते, लग्नाच्या दिवशीसुद्धा हे दुपारी कामावर गेले. ते खोटं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, मला चांगलं आठवतंय.

तीन वर्षांमागं तिथं गाढवाचं एक शिंगरू आणलं. मोठ्या हाडाच्या जातीचं, लांबून आणलेलं, आणि आई वाटेतच गेली बिचारी. त्याचं एवढं कौतुक का, तर डोंगरात ओझी नेणारी खेचरं हल्ली काडीच्या पायांची निपजत होती. खेचराचा बाप गाढव अन् आई घोडी. बाप दांडगा तर पोर दांडगं. मी शाळा फारशी पाहिलेली नाही, पण एवढं भाऊजींनी मला चारदा समजावलंय.

केंद्रातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "ह्याला घोड्यांतच वाढवायचं. दुसरं गाढव नजरेलाही पडता कामा नये. गाढवांत वाढला, तर मोठेपणी घोडीकडे ढुंकून बघायचा नाही."

भाऊजींनी ते असं मनावर घेतलं की विचारू नका. कुंपणामागून ओझ्याची गाढवं जायची, तर कुंपणाला पोती शिवून लावली. दर दोन तासांनी बाटलीनं दूध. घोड्या त्या शिंगराला लाथा मारायच्या, म्हणून हे स्वतः मध्ये जाऊन बसायचे. दुपारी ह्यांच्या मांडीवर त्याचं डोकं.

जाऊबाई कपाळाला हात लावून म्हणायची, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! इथं तर तेही नाही, गाढव धाडलंय."

सगळे त्याला जावई म्हणायला लागले. मानपान तसाच होता ना! जावई वाढला, घोडीच्या खांद्याला लागला आणि यंदा त्याचा पहिला हंगाम आला.

माजावर आलेली घोडी आणली. ती उंच, म्हणून उताराला खाली उभी केली, शेपटीला पट्टी बांधली. जावयाला पुढे आणलं. त्यानं घोडीकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं आणि गुपचूप भाऊजींच्या मागे जाऊन त्यांच्या पाठीवर हनुवटी टेकली.

दुसरी घोडी आणली. तेच. तिसरी आणली. तेच.

नालबंद म्हणाला, "खुरं दुखत असतील." खुरं पाहिली, ठणठणीत. चारा आणणारा म्हणाला, "लाजतंय." रक्त तपासलं, दात तपासले, जंताचं औषध दिलं. शेवटी कुंपणाची पोती काढून गाढविणीही दाखवल्या. त्यांनाही बघून हा भाऊजींच्याच मागे! आता तर डॉक्टरीणबाईही चक्रावल्या. आम्ही घरी बसून डोकं खाजवायचो. घोडा नाही, गाढव नाही, मग हा आहे तरी कोण?

तेवढ्यात वरून कागद आला. हंगाम संपेपर्यंत जावई कामाला आला नाही, तर त्याला खच्ची करून वीटभट्टीवर धाडायचं. भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, ह्याला घोड्यांत वाढवायला सांगितलं होतं. तुम्ही तर माणसांत वाढवलात."

"पण मी घोड्यांतच होतो की, बाई!"

"तुम्ही होतात. त्यानं तुम्हालाच आपली जात मानली."

भाऊजींना वीस दिवसांची रजा. केंद्राच्या आवारातली खोली सोडून ते आमच्याकडे राहायला आले, म्हणजे जावयाला वासही लागू नये. पण गाढवाचा आवाज तो, चार गल्ल्या ओलांडून येतो. बाटलीची वेळ कधीच सरली होती, तरी दर दुपारी तो त्याच वेळेला ओरडायचा. भाऊजी ताडकन उठायचे, दारापर्यंत जायचे आणि परत येऊन बसायचे.

"वहिनी, बोलावतोय तो."

"बोलावू द्या. तुम्ही गेलात तर भट्टीवर जाईल."

"हो, तेही आहे." आणि पाच मिनिटांनी पुन्हा, "वहिनी, पाणी तरी दिलं असेल ना त्याला?"

रिकामा माणूस काय करणार? माझे डबे घासले, आमच्या म्हाताऱ्या सासऱ्याच्या केसांतून ब्रश फिरवला. म्हातारा म्हणाला, "खरारा झाला असेल तर आता चारा घाल." भाऊजींना हसू नाही आलं.

चौदाव्या दुपारी आवाज आला नाही. पंधराव्याही नाही. भाऊजींचा चेहरा उतरला. "आजारी पडला का? का नेला भट्टीवर? का काम झालं?" मला तरी काय ठाऊक! बातमी चांगली की वाईट, ह्याचाच पत्ता नाही. धीर तरी कशाचा देणार?

सोळाव्या दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, चप्पल काढायच्या आधीच बोलल्या. "लागला! दोन घोड्यांना लागला. आता घोड्यांचा कळप सोडून हलत नाही. वाचला तुमचा जावई."

भाऊजी उभेच राहिले. "मग उद्यापासून येऊ?"

"या. पण पलीकडच्या पागेत. मागच्या फाटकानं या-जा करा. त्याच्या नजरेला पडू नका."

"किती दिवस?"

"हा हंगाम. कदाचित पुढचाही. तुम्हाला विसरला तर उत्तमच."

"उत्तमच," भाऊजी म्हणाले.

त्या गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "वहिनी, हे चांगलंच झालं ना?"

"चांगलंच झालं."

"मग मला असं का होतंय?"

मी ताट वाढलं. म्हटलं, आधी चार घास खाऊन घ्या. तेवढंच येतं मला.

सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. भाऊजी डबा घेऊन निघाले आणि कोपऱ्यावर जाऊन थांबले. समोर नेहमीच्या फाटकाचा रस्ता, उजवीकडे मागच्या फाटकाचा. एकोणीस वर्षं ज्या कामावर गेले, तिथं जायचं कुठून तेच कळेना झालं होतं त्यांना. बऱ्याच वेळानं त्यांनी एका सायकलवाल्याला हात करून काहीतरी विचारलं. त्यानं उजवीकडे बोट दाखवलं.