नवरा असेल त्यालाच सांगा

माझी एक फजिती सांगते, पण एका अटीवर. सुशीलाबेनच्या कानावर घालायची नाही. तिला सगळं ठाऊकच आहे, पण मी ते गावभर सांगत फिरते हे कळायला नको.

आम्हा कॅथलिकांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो तो थेट ईस्टरपर्यंत. देवासाठी असतो, मान्य. पण शेवटचा आठवडा येईपर्यंत माझा जीव पार मेटाकुटीला येतो. दर शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची प्रार्थना, घरी मटण नाही म्हणून रुसलेली पोरं, आणि आमच्या ह्यांची सुरतेजवळच्या सचिन गावातल्या डाइंग मिलमध्ये रात्रपाळी. त्यात आम्ही जालन्याहून सुरतेला नवीनच आलेलो. मला मोबाइलवर मराठी टाइप करता येतं एवढ्यावरून चर्चमधल्या मराठी घरांना निरोप पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नाही म्हणायलासुद्धा अंगात ताकद लागते हो!

तर पवित्र गुरुवार तोंडावर आला. येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या संध्याकाळी फादर बारा जणांचे पाय धुतात. चर्चचं सगळं बघणाऱ्या सुशीलाबेनचा फोन आला. माझ्या एका हातात लाटणं, खांद्यावर फोन.

"रोझबेन, पग धोवा माटे चार मराठी भाई जोईए. नवरा होय एमने ज केजो."

मला शब्दन् शब्द कळला! पाय धुवायला चार मराठी भाऊ पाहिजेत, नवरा असेल त्यालाच सांगा. आपल्याला गुजराती यायला लागलं, या आनंदात मी दोन पोळ्या जाळल्या. आणि ग्रुपवर टाकलं, 'फक्त विवाहित पुरुष. सुशीलाबेनची सक्त सूचना.' 'सक्त' माझ्या पदरचं.

त्याच संध्याकाळी याकोबबाबा दारात. लूमच्या कारखान्यात उभा जन्म गेलेला माणूस, आता रिटायर. दर वर्षी नेमकी त्या गुरुवारी पाळी आडवी यायची, त्यामुळे त्या बारा जणांत बसायचं कधी जमलंच नव्हतं. आता गुडघे गेलेत, पुढच्या वर्षी चर्चच्या पायऱ्या चढता येतील की नाही देव जाणे. बाबा नखं कापून आले होते. मी मान खाली घालून सांगितलं, बाबा, नवरेच पाहिजेत म्हणे, आणि मार्थाबाई तर...

"मार्था गेली म्हणून मी नवरा राहिलो नाही का पोरी?"

मला रडू येत होतं. तरी मी म्हटलं, नियम आहे बाबा. ते कठड्याला धरून जिना उतरले. रात्री मला जेवण गेलं नाही, पण नियम मोडायची हिंमतही झाली नाही.

इकडे चार नवरे जमवताना माझ्या तोंडाला फेस आला. एकाने खाडा केला, एक कामरेजहून साइट सोडून आला, एकाला त्याच्या बायकोने दम देऊन पाठवला. चौथे आमचे हे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला मी अर्ध्या झोपेत उठवलं, पाय घासून दिले आणि चर्चमध्ये आणून बसवलं.

मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली उपासना, सुरू व्हायच्या आधी सुशीलाबेन बघायला आली. चौघंही खुर्चीत पेंगत होते. म्हणाली, यांना कशाला कामावरून ओढून आणलं? मी नवरा माणसं सांगितली होती ना?

"नवरेच आहेत हो. सगळ्यांची लग्नं चर्चमध्ये झालीत."

तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग कपाळाला हात लावला. गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा माणूस. ज्याला काही काम नाही, तो!

म्हणजे अख्ख्या चर्चमध्ये खरा नवरा एकच होता, आणि त्यालाच मी दारातून परत पाठवलं होतं. मी धावत मागे गेले. बाबा शेवटच्या बाकावर बसले होते, पायांत नवे मोजे. हाताला धरून त्यांना पुढे आणलं, आमच्या ह्यांना खुर्चीवरून उठवलं. ह्यांनी कारणही विचारलं नाही, सरळ शेवटचा बाक गाठला आणि आडवे झाले.

फादरांनी बाबांच्या पायावर पाणी ओतलं तेव्हा बाबा रडले. मी त्यांच्याहून जास्त रडले. थोडी भक्ती, थोडी लाज, आणि बाकी सगळा थकवा.

मिस्सा संपल्यावर सुशीलाबेन हसत हसत जवळ आली. उद्या सकाळी चर्चची झाडलोट होती.

"रोझबेन, तमे नवरा छो ने?"

आता तरी अर्थ मला पाठ झालेला असायला हवा होता की नाही? पण दमलेलं तोंड. तेच बोलून गेलं.

"मी नाही हो, तो काय मागच्या बाकावर घोरतोय."