खाजणातला ट्रेलर

लग्न ठरायच्या आधी आम्ही मुलाचं घर बघायला गेलो, तेव्हा मुलाच्या आधी मला ती गाडी दिसली. गव्हाणच्या अलीकडचं गाव. प्रकल्पाला जमिनी गेल्यावर मिळालेल्या पैशांत तिथं प्रत्येकाने बंगला बांधला होता आणि प्रत्येकाच्या दारात पांढरी मोटार होती. या घराच्या अंगणात मात्र एक गोल नाकाचा, शेवाळी रंगाचा जुनाट ट्रक उभा होता. मागे लोखंडी डोलारा, आणि त्याला लोंबणारा माणसाच्या डोक्याएवढा हुक. आई माझ्या कानात म्हणाली, "यांच्याकडे रणगाडा कशाला गं?"

रणगाडा नव्हता, पण लष्कराचाच होता. सासऱ्यांनी तो लिलावात घेतलेला. माझ्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठा. खड्ड्यात गेलेली, उलटलेली, चिखलात रुतलेली वाहनं ओढून काढायची हा त्यांचा धंदा. पनवेलहून गोव्याकडे, उरणकडे, पुण्याकडे रस्ते फुटतात. तिथं रोज कुणी ना कुणी अडकतंच. फोन आला की बापलेक निघायचे.

मी पनवेल गावातली, वाणिज्य शाखेची पदवीधर. मालवाहतुकीच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचे. त्या गाडीशी माझा संबंध इतकाच, की नवरा तिच्यातून परत येईपर्यंत मला जेवण जायचं नाही.

याला कारण सासरेच. एकदा अंगणात गाड्या ओढायच्या पोलादी वायरीला ग्रीस लावताना त्यांनी सहज सांगितलं, की तरुणपणी त्यांच्यासमोर एक वायर तुटली होती. माणूस बाजूला उभा होता, नुसता बघत. तुटलेलं टोक सापासारखं उलटून आलं. "दोनी पाय," ते म्हणाले आणि पुन्हा ग्रीस लावू लागले. म्हणूनच ताणलेल्या वायरीवर ओली पोती टाकायची. तुटली तर पोत्याच्या वजनाने खाली बसते. हे ऐकल्यापासून मला अंगणातल्या कपड्यांच्या तारेचीही भीती वाटायला लागली.

मग लॉकडाऊन आला. माझं ऑफिस बंद पडलं ते पडलंच. गाडीवरचा मदतनीस त्याच्या गावाकडे गेला तो परत आला नाही. सासऱ्यांना एव्हाना नीट दिसत नव्हतं. एके दिवशी नवरा चहा पिताना म्हणाला, "तू बसशील काय गो विंचवर? नुसतं बसायचं हाय."

नुसतं बसायचं नव्हतं. सासऱ्यांनी अंगणात नारळाचा ओंडका वायरीला बांधून मला शिकवलं. ड्रायव्हरच्या सीटशेजारी एक दांडा असतो. तो टाकला की इंजिनाची ताकद चाकांऐवजी मागच्या विंचला, म्हणजे वायर गुंडाळणाऱ्या रुळाला जाते. क्लच सोडला की वायर ओढली जाते, दाबला की थांबते. थांबली की विंचचा ब्रेक वजन धरून ठेवतो. क्लच इतका जड, की पहिल्या दिवशी माझी मांडी रात्रभर ठणकली. सासरे खाली खुर्चीवर बसून कानानेच सगळं बघायचे. "सोड. हलू सोड. आता दाब. भ्यायचं नाय." मी भीतच होते. पण ओंडका येत होता.

दोन वर्षं मी बसले विंचवर. टेम्पो काढले, डंपर काढले, ओवे गावाजवळ गटारात गेलेली एक शाळेची रिकामी बस काढली. लोक बाई बघून फोटो काढायचे. भीती काही गेली नाही. वायर ताणली की तिच्यातून एक बारीक आवाज येतो, दाताखाली खडा आल्यासारखा.  नवऱ्याला मी हे कधी सांगितलं नाही. त्याला वाटायचं मी सरावले.

त्या दिवशी दुपारी फोन आला. उरणच्या रस्त्याला, खाडीच्या अंगाला एक कंटेनरचा ट्रेलर घसरला होता. मोटारसायकलवाल्याला वाचवायला गेला आणि मागची चाकं खाजणात, भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीत, उतरली. आम्ही पोचलो तेव्हा पुढचं इंजिनाचं तोंड रस्त्याच्या कडेला तिरकं उभं होतं, आणि मागचा लांबलचक कंटेनर खाडीकडे एका कुशीवर कलला होता. कंटेनर रिकामा होता, एवढंच बरं. ड्रायव्हर बिहारकडचा, पंचविशीचा असेल. चपला हातात धरून रस्त्याच्या कडेला बसला होता. त्या घालायचं त्याला सुचत नव्हतं.

नवऱ्याने आमची गाडी आडवी लावली, पाठ खाजणाकडे. चाकांमागे दगड लावले. मी ड्रायव्हरच्या सीटवर सरकले. त्याने वायर नेऊन ट्रेलरच्या वरच्या अंगाला अडकवली, पोती भिजवून तिच्यावर टाकली आणि हात वर केला. मी क्लच सोडला. वायर ताठ झाली, ट्रेलर किंचित सावरला. इथपर्यंत सगळं नेहमीसारखं झालं.

मग नवरा एक साखळी खांद्यावर टाकून आमच्या केबिनशी आला.

"खालच्या अंगानं जाऊन साखळी घालतो," तो म्हणाला.

"त्या बाजूला कशाला? तो कललाय तिकडे."

"खालून धरल्याशिवाय येनार नाय तो."

"अहो, मोठी क्रेन येईपर्यंत थांबू या ना."

"भरती हाय. तवर आनखी रुतंल. तू नुसती वायर धरून ठेव."

आणि तो खाजणात उतरला. केबिनच्या मागे एक छोटी जाळीची खिडकी आहे. मान वळवून मी तिच्यातून बघत होते. तो चिखलात पाय टाकत ट्रेलरला वळसा घालून पलीकडे गेला. मला त्याचं डोकं आणि खांदेच दिसत होते. तो वाकला. मग ट्रेलर कुरकुरला. मोठा आवाज नव्हता, जुनं कपाट उघडल्यासारखा. कंटेनर हातभर आणखी त्याच्या बाजूला कलला.

वायरीतला आवाज बदलला.

नवरा ताठ उभा राहिला. त्याने एक पाय उपसायचा प्रयत्न केला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला. चिखल त्याच्या मांड्यांपर्यंत होता आणि डोक्यावर लोखंडाची ती भिंत ओणवी झाली होती. त्यानंतर त्याने धडपड थांबवली. तो नुसता उभा राहिला, आणि मला खरी भीती वाटली ती तेव्हा. हा माणूस कधी थांबत नाही.

"धर!" तो ओरडला. "सोडू नको!"

मी धरलं होतं. पण विंचचा ब्रेक जुना, घासलेला होता. रिकाम्या टेम्पोला चालून जायचं. एवढ्या वजनाला तो हळूहळू सरकत होता. वायर बोटभर सैल व्हायची, कंटेनर तेवढाच खाली झुकायचा. मग मी क्लच अलगद सोडून तेवढी वायर परत ओढून घ्यायचे आणि क्लच दाबायचे. पुन्हा सैल, पुन्हा ओढ. जास्त ओढली तर वायर तुटणार, कमी ओढली तर कंटेनर त्याच्यावर येणार. आणि इंजिन बंद पडलं तर ओढायला काहीच उरणार नाही.

इंजिनाचं पाणी किती तापलंय ते दाखवणारा काटा लाल रेघेकडे सरकू लागला होता.

संकटात माणसाला देव आठवतो म्हणतात. मला डाळ आठवली. डाळीखालचा गॅस मी बंद केला होता का? घरी सासऱ्यांना दिसत नाही. मी त्याच एका गोष्टीचा विचार करत राहिले, आणि डावा पाय क्लचवर शिवणयंत्रासारखा थडथडत होता. मी गुडघ्यावर हात दाबून धरला.

रस्त्यावर माणसं जमली होती. मोबाइल वर धरलेले. मी खिडकीतून ओरडले, "अरे उतरा कुणीतरी! माणूस अडकलाय!" कुणी हललं नाही. एकजण म्हणाला, पोलिसांना फोन केलाय.

मग मी त्या ट्रेलरच्या ड्रायव्हरकडे बघून ओरडले, येईल तशा हिंदीत. आमच्या गाडीवर फळ्या आहेत, घमेलं आहे, ते घे आणि जा. तो उभा राहिला.  म्हणाला, "भाभी, मेरे से नहीं होगा."

"तुझीच गाडी आहे ना रे!" मी मराठीतच किंचाळले. मला रडू फुटलं. मी त्याच्यावर चिडले होते, नवऱ्यावर चिडले होते, आणि सगळ्यात जास्त चिडले होते सासऱ्यांवर. ही गाडी त्यांनी विकत घेतली नसती तर आज मी कुठल्याशा ऑफिसात पंख्याखाली बसले असते.

त्या पोराने काय विचार केला मला माहीत नाही. त्याने चपला नीट जोडून रस्त्यावर ठेवल्या, आमच्या गाडीवरून फळी नि घमेलं काढलं आणि खाली गेला. फळी चिखलावर टाकून तिच्यावर पोटाने झोपला आणि सरपटत त्या ओणव्या कंटेनरखाली शिरला. जाताना ओरडला, "भाभी, छोडना मत!"

आता माझ्या हातात दोन माणसं होती.

चिखलातल्या खेकड्यांच्या बिळांतून बुडबुडे येत होते. भरतीचं पाणी आधी असं खालून येतं, मग वरून. पोरगा घमेल्याने आणि हातांनी नवऱ्याच्या पायाभोवतीचा चिखल उपसत होता. जेवढा उपसावा तेवढा परत भरत होता. नवरा त्याला काहीतरी सांगत होता, अगदी शांतपणे, तोंड त्याच्या कानाशी नेऊन. बॉनेटमधून वाफ येऊ लागली. इंजिन एकदा खोकलं. मी हाताने ॲक्सिलेटरची कळ ओढली, ते पुन्हा उचललं. परत खोकलं. परत उचललं. मी मागे बघू की काट्याकडे बघू मला कळेना. शेवटी काट्याकडे बघणं सोडून दिलं.

किती वेळ गेला ते मी आजही सांगू शकत नाही. नवऱ्याचा एक पाय सुटला, गमबूट आतच राहिला. मग तो फळीवर आडवा पडला आणि पोराने त्याला काखेत हात घालून मागे ओढलं. दुसरा पाय आला. दोघं सरपटत बाहेर आले. रस्त्यावर चढले तेव्हा कोण कुठला ते ओळखू येत नव्हतं, दोघंही सारखेच काळे.

नवरा लंगडत केबिनच्या दाराशी आला.

"सोड आता."

"सोडू?"

"सोड. सगळे लांब हायत."

मला पाय उचलताच येईना. सांगितलेलं पायापर्यंत पोचतच नव्हतं. त्याने आत हात घालून आधी इंजिन बंद केलं, मग माझा गुडघा धरून पाय क्लचवरून उचलून बाजूला ठेवला. विंचचा दांडा काढला. आम्ही दोघं मागे बघत राहिलो. वायर हळूहळू सैल पडली, पोती खाली लोंबली.

ट्रेलर हललाच नाही. होता तसाच कललेला उभा राहिला. संध्याकाळी मोठ्या क्रेन आल्या तोवर तो तसाच होता. म्हणजे मी धरलं नसतं तरी तो पडला नसता का? की मधल्या वेळात तो चिखलात घट्ट बसला? हे कुणालाच सांगता येणार नाही. तो पोरगा ते बघून हसायला लागला आणि हसता हसता रस्त्यावर बसून रडला. मी त्याला आमच्या बाटलीतलं पाणी दिलं. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

घरी आलो. गॅस बंद होता. सासरे ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "वायर तुटली काय?"

"नाही," मी म्हणाले. "तुमचा मुलगा अडकला होता. कंटेनरच्या खाली."

 ते हात पुढे करून चाचपडत राहिले. नवरा त्यांच्याजवळ बसला, तेव्हा त्यांनी त्याचा सुजलेला गुडघा हाताने पाहिला. बराच वेळ हात तिथेच ठेवला. मग म्हणाले, "विंचच्या ब्रेकचं पट्टं बदला. आदी ते करा."

मला वाटलं होतं, आता मी त्या गाडीत बसणार नाही. झालं वेगळंच. पट्टे बदलून झाले, रेडिएटर साफ झाला, पण गाडी काही बाहेर निघेना. फोन वाजला की नवरा तो उलटा करून ठेवायचा. म्हणायचा, गाडीची बॅटरी उतरलीय. बॅटरी उतरलेली नव्हती, मी रोज गाडी चालू करून बघत होते. तो अंगणात तासन् तास गाडी धूत बसायचा. खाजणाचा चिखल कधीच गेला होता तरी धूत राहायचा. झोपेत त्याचे पाय झटके द्यायचे. मी जागी असायचे, पण कधी हात लावून उठवलं नाही. उठवलं असतं तर त्याला काहीतरी सांगावं लागलं असतं.

पावसाळा गेल्यावर एकदा त्याचा फोन मीच उचलला. शिरढोणजवळ भाजीचा टेम्पो चरात गेला होता. सपाट, कोरडी जागा. मी त्याला सांगितलं. तो बादली हातात घेऊन उभा राहिला.

"तू येशील?" त्याने विचारलं.

"येईन."

"विंचवर तूच बसशील?"

"दुसरं कोण बसणार?"

आम्ही गेलो. टेम्पो अगदी लहान होता, चार माणसांनी ढकलला असता तरी निघाला असता. रस्त्यावर टोमॅटो सांडले होते. मी गाडी लावली, त्याने दगड ठेवले. साखळी खांद्यावर घेऊन तो चराच्या काठाशी गेला आणि थांबला. मी जाळीतून बघत होते. क्लचवर मी पाय आधीच दाबून धरला होता, अजून वायर ताणलीही नव्हती.

त्याने मान वळवली.

"दिसतो काय गो मी?"

"दिसताय!"

तो एक पाऊल खाली उतरला. पुन्हा वळला.

"आता?"

"दिसताय," मी ओरडले. "उतरा."