साहेबाचं ‘लव्ह’

परवा नात विलायतेहून फोनवर म्हणाली, "आजी, इथला बसवाला म्हाताऱ्यांनाही ‘लव्ह’ म्हणतो." मला एकदम ओल्या सिमेंटचा वास आला.

वलवणला कारखाना उभा राहत होता. मी तिथं चहा द्यायची. इंग्रज साहेबानं कप घेतला आणि हसून म्हणाला, "थँक्यू, लव्ह." मीही हसले. माझा भाऊ तिथंच फिटर होता. सिनेमे पाहून तेवढाच इंग्रजी शब्द त्याला कळायचा. त्यानं हातातला पाना साहेबाच्या तोंडावर हाणला. साहेब रक्त ओकत सिमेंटमध्ये कोसळला.

मुकादमानं भावाला मागं ओढलं. "आरं, त्यो समद्यास्नी तसंच म्हंतो. मलाबी म्हंतो."

भाऊ माझ्याकडे वळला. "मंग तू का हसलीस?"

त्यानं पाना माझ्यावर उगारला. मी हात आडवा धरला. त्या हाताची दोन बोटं अजून वाकत नाहीत. कितीतरी वर्षं मी त्या शब्दालाच दोष देत राहिले.